दिल्लीतील काविळीची साथ (१९५५-५६) : सांडपाणी आणि नळाचे पाणी

शहराचा इतिहास वाचताना आपण राजवटी, इमारती आणि रस्ते पाहतो. पिण्याचे पाणी कोठून येते आणि मैलापाणी कोठे जाते, हे प्रश्न मात्र बाजूला राहतात. स्वतंत्र भारताच्या राजधानीत हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळले तेव्हा काय घडले, ते या टिपणात पाहू.

पार्श्वभूमी

दिल्लीसाठी यमुनेचे पाणी वझिराबाद येथे उपसले जाई. शहराची घाण वाहून नेणारा नजफगढ नाला तेथून थोडे खाली नदीला मिळत असे. फाळणीनंतर लाखो निर्वासित दिल्लीत आले, वस्ती झपाट्याने वाढली आणि सांडपाणीही वाढले. नाला उपशाच्या खालच्या अंगाला आहे, एवढ्याच भरवशावर पाणीपुरवठा सुरक्षित मानला जात होता.

घटनाक्रम

१९५५ च्या पावसाळ्याअखेरीस यमुनेला पूर आला. पूर ओसरल्यावर नदीचा प्रवाह उपशाच्या जागेपासून दूर सरकला आणि नाल्याचे पाणी उलटे त्या जागेकडे येऊ लागले. नोव्हेंबरात सुमारे आठवडाभर सांडपाणी मिसळलेले पाणी शुद्धीकरण केंद्रात येत राहिले. धोका ओळखून क्लोरीनची मात्रा वाढवण्यात आली. तरीही डिसेंबर आणि जानेवारीत सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. गरोदर स्त्रियांमध्ये आजार अधिक गंभीर होता.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. टायफॉइडसारखे जिवाणूजन्य आजार त्या काळात विशेष वाढले नाहीत. म्हणजे क्लोरीनने जिवाणू रोखले होते. पण गढूळ, घाणमिश्रित पाण्यातील विषाणू त्यातून निसटला.

पुढील शोध

हा विषाणू कोणता, हे तेव्हा कळले नाही. रुग्णांच्या रक्तद्रवाचे नमुने मात्र जपून ठेवले होते. संशोधकांनी त्यांची तपासणी करून १९८० मध्ये दाखवले की ही साथ हिपॅटायटिस ए किंवा बी यांची नव्हती. १९८३ मध्ये सोव्हिएत संशोधक बलायान यांनी नव्या विषाणूचा पुरावा मांडला. त्यालाच पुढे हिपॅटायटिस ई हे नाव मिळाले. पंचवीस वर्षे जपलेले नमुने हेही इतिहासाचे साधन ठरू शकते, हे यातून दिसते.

निष्कर्ष

शुद्धीकरण केंद्र ही शेवटची भिंत आहे, एकमेव नव्हे. नदीत प्रक्रिया न केलेला मैला सोडायचा आणि पुढे क्लोरीनवर विसंबायचे, ही पद्धत किती कच्ची आहे ते दिल्लीने दाखवून दिले. जलप्रदूषण रोखण्याचा केंद्रीय कायदा मात्र १९७४ मध्ये आला.

स्वाध्याय : तुमच्या गावाचे पाणी कोठून उपसले जाते आणि सर्वांत जवळचा नाला नदीला कोठे मिळतो, हे नकाशावर शोधा. नदीने पात्र बदलले तर काय होईल, ते लिहा.