इंजिनाचा ताप कोण बघतं?

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत तापमानाचे सेन्सर कूलंटमध्ये, इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या वाटेवर, गिअरबॉक्सच्या तेलात असे ठिकठिकाणी बसवलेले असतात. त्यांचा मूळपुरुष विचारला तर डॅशबोर्डवरच्या काट्याकडे बोट जातं, आणि ते अगदीच चूक नाही. त्या काट्याआधी, १९१२ साली, हॅरिसन बॉइस यांनी अमेरिकेत पेटंट घेतलेला ‘मोटोमीटर’ म्हणजे रेडिएटरच्या झाकणावर उभा केलेला थर्मामीटर. चालकाने तो समोरच्या काचेतून वाचायचा. तो पाण्यावरची वाफ मोजत असे, त्यामुळे पाणी उतरलं तरी बोलत राही. आजचा कूलंट सेन्सर मात्र उघडा पडला की भोवतीच्या हवेचं तापमान सांगत बसतो, आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येऊ शकतो!

तरीही आजच्या सेन्सरची वंशावळ मी वेगळी लावेन. चांदीचं सल्फाइड तापवलं की त्याचा विद्युतरोध धातूंच्या उलट घटतो, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३३ मध्ये नोंदवलं. त्या गुणातून व्यवहारात चालेल असा थर्मिस्टर सॅम्युएल रूबेन यांनी १९३० मध्ये बनवला. गाडीतल्या नेहमीच्या थर्मिस्टरचा रोध २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, तर ८० अंशांना तीनशेच्या आसपास असतो. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, पाच व्होल्टची वीज एका ठरावीक रोधातून त्याच्याकडे सोडतो आणि मधला व्होल्टेज वाचतो. वायर तुटली तर पूर्ण पाच व्होल्ट दिसतात, म्हणजे हिशेबाने कडाक्याची थंडी; म्हणून ईसीयू तो आकडा बिघाड समजून बाजूला ठेवतो.

थर्मिस्टर काट्यालाही जोडले गेलेच की, असा आक्षेप येईल. गेले, पण काट्याला ढोबळ अंदाज पुरतो. बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी यंत्रणा १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६००वर आली, तिला तो पुरणार नव्हता. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते जास्त सोडावं लागतं. किती, हे सेन्सरच्या रोधावरून ठरू लागलं. वाचणारा माणूस गेला, सर्किट आलं. आता तर बऱ्याच गाड्यांत काटाच ईसीयूच्या तोंडाकडे बघतो, आणि तापमान थोडं वरखाली झालं तरी त्याला मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेलं असतं. १९९८च्या सुमारास फोक्सवॅगन-आउडीच्या गाड्यांत आलेल्या, मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या हाल्डेक्स क्लचला तर काटाही नाही. तो तेलाच्या दाबावर चालतो. तेल थंड असताना घट्ट असतं, म्हणून दाबाचा हिशेब त्याच्या तापमानावरून बदलावा लागतो. तेच तेल फार तापलं तर क्लच स्वतःला वाचवायला सुटतो. वाळूत रुतलेल्या चालकाला मागची चाकं ढिली पडलेली जाणवतात, आकडा त्याला कुठेच दिसत नाही.