भोल्याचे वादळ आणि मावशीची गाय

३ जून २०२० च्या सकाळी मी पुण्यात बसून श्रीवर्धनकडच्या माझ्या मावशीशी टेलिफोनवर भांडत होतो. ‘निसर्ग’ चक्रीवादळ किनाऱ्याला लागणार, हे आदल्या दिवसापासून साऱ्या गावाला ठाऊक होते. पोलीसपाटील दोनदा सांगून गेले होते, शाळेचे वर्ग उघडून ठेवले होते, आणि मावशी मात्र पडवीत ठाण मांडून बसली होती. वय वर्षे ब्याऐंशी. तिचे म्हणणे एकच : “मी येईन रे शाळेत, पण कपिलेला कुठे नेऊ? तिला घेतात का शाळेत?”

ह्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. अखेर शेजारच्या मुलाने तिला जवळजवळ उचलूनच नेले, आणि जाता जाता गाईचे दावे सोडून दिले. दुपारी वादळ आले. आगरातल्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, कौले उडाली, गोठा बसला. गाय तिसऱ्या दिवशी टेकाडाच्या पलीकडे चरताना सापडली.

माझे आयुष्य इतिहास शिकविण्यात गेले. त्यामुळे एखादा प्रश्न अडला की, तो पूर्वी कोणाला पडला होता का हे पाहण्याची मला खोड आहे. मावशीचा प्रश्न पूर्वी पडलेला होता. तो बंगालच्या उपसागराकाठी लाखो लोकांना पडला होता, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी बरेच देश एकत्र आले होते. त्याचीच ही हकीकत.

१२ नोव्हेंबर १९७०. दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता, त्रिपुरी पौर्णिमा तोंडावर आली होती. आमच्याकडे दीपमाळेच्या पणत्या घासल्या जात होत्या, तेव्हा तिकडे पूर्व पाकिस्तानात, मेघना नदीच्या मुखापाशी भोला बेटावर आणि भोवतालच्या चरांवर, रमजानचे रोजे चालू होते. भाताची कापणी सुरू झाली होती आणि तिच्यासाठी दूरदूरचे मजूर येऊन राहिले होते. त्या रात्री भरतीच्या वेळीच वादळ आले. उपसागराचा तो कोपरा नरसाळ्यासारखा निमुळता आणि उथळ. वाऱ्याने लोटलेले पाणी तिथे पसरायला जागाच नाही, ते वर चढते. झोपडीच्या छपरावर गेलेले लोक छपरासकट वाहून गेले. मृतांचा आकडा तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत सांगतात. परगावच्या मजुरांची मोजदाद कोण ठेवणार?

मी तेव्हा आठवीत होतो. रेडिओवर आकडा रोज वाढत गेलेला मला आठवतो. आजोबांनी एके दिवशी रेडिओ बंदच केला.

वादळानंतर डाक्क्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतले दोन अमेरिकन डॉक्टर, आल्फ्रेड सॉमर आणि हेन्री मॉस्ली, पाहणीला गेले. त्यांना वाचलेल्यांच्या छातीवर आणि दंडांच्या आतल्या बाजूला सोलवटल्याच्या जखमा आढळल्या. झाडाला रात्रभर मिठी मारून राहिल्याच्या त्या खुणा. ज्यांच्या दंडात बळ होते ते जगले; मुले, म्हातारी माणसे आणि बायका अधिक गेल्या.

परंतु मला थबकविले ते दुसऱ्या एका पाहणीने. वादळ येते आहे हे शेकडा नव्वद लोकांना कळलेले होते. रेडिओवर सांगितले होते. तरी पक्क्या इमारतीत आसरा घेतलेले शेकडा एक! आपण म्हणू, अडाणी लोक. पण पक्की इमारत होतीच किती ठिकाणी? आणि घर, बियाणे, गुरे सोडून अंधारात जायचे, ते कोणाच्या शब्दावर? रेडिओतला माणूस डाक्क्याला; त्याला ह्या चराचे नावही माहीत नसावे. सरकारी मदतही इतकी रेंगाळत आली की, पाकिस्तानच्या राज्यकर्त्यांवरचा संताप विकोपाला गेला. महिन्याभरात निवडणूक झाली, आणि पुढे १९७१ साली काय घडले ते वाचकांना सांगायला नको.

नव्या बांगलादेशात १९७२ साली जे काम सुरू झाले, ते मला ह्या साऱ्या इतिहासातले सर्वांत शहाणपणाचे वाटते. जिनिव्हाच्या रेडक्रॉस संघाने, संयुक्त राष्ट्रसंघाच्या विनंतीवरून, बांगलादेशाच्या रेडक्रॉसबरोबर वादळपूर्व तयारीची योजना हाती घेतली. बिनतारी यंत्रे, ट्रान्झिस्टर, हाताने फिरवायचे भोंगे आणि कर्णे हे बाहेरून आले. माणसे मात्र गावातलीच घेतली : शेतकरी, कोळी, मास्तर. पगार नाही. पहिल्या खेपेस वीस हजारांच्या आसपास लोक उभे राहिले. धोका वाढत जाईल तसा एक, मग दोन, मग तीन झेंडे चढवायचे आणि दारोदार जाऊन सांगायचे. रेडिओतल्या माणसावर न बसलेला विश्वास शेजारच्या घरच्या मुलावर बसू लागला. परदेशी संघटनेचा पाय निघायची वेळ आली तेव्हा, १९७३ साली, सरकारने ही योजना आपली म्हणून पत्करली आणि रेडक्रॉसच्या जोडीने चालविली. पाहुणे गेले की मांडव मोडतो, असा आपला अनुभव. इथे तो मोडला नाही.

आणि गुरांसाठी त्यांनी मातीचे उंच टेकाड रचले. लोक त्यांना ‘मुजीब किल्ला’ म्हणू लागले. गाय टेकाडावर बांधली की घरधनी निघायला तयार होतो, हे कोणा तज्ज्ञाच्या ध्यानात आले की कोण्या शेतकऱ्याने ठणकावून सांगितले, कुणास ठाऊक. मला दुसरेच खरे वाटते.

इथवर सारे चांगले वाटते; पण २९ एप्रिल १९९१ च्या रात्री चितगावच्या किनाऱ्यावर पुन्हा १ लाख ३८ हजारांच्या आसपास माणसे गेली. सूचना पोचल्या होत्या. काही स्वयंसेवक सूचना देता देताच गेले. निवारे अपुरे होते हे एक कारण झाले. दुसरे कारण आकड्यांतून दिसते : २० ते ४४ वयाच्या पुरुषांत हजारी १५ मेले, बायकांत ७१. नवरा घरी नाही, त्याच्या परवानगीवाचून उंबरठा कसा ओलांडायचा? परक्या पुरुषांनी भरलेल्या खोलीत रात्र कशी काढायची? कडेवर मूल, अंगाभोवती ओली साडी. जिनिव्हाच्या कागदावर हा उंबरठा दिसला नव्हता. खरे म्हणजे डाक्क्याच्याही नाही.

मग डाक्क्याच्या अभियांत्रिकी विद्यापीठाचे प्राध्यापक जमीलुर रेझा चौधुरी ह्यांच्या नेतृत्वाखाली, संयुक्त राष्ट्रसंघ व जागतिक बँकेच्या साहाय्याने, निवाऱ्यांचा नवा आराखडा १९९३ पर्यंत तयार झाला. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की, निवारा वर्षभर शाळा म्हणून वापरायचा. नुसता वादळाची वाट पाहणारा बंगला चार वर्षांत वटवाघळांचा होतो. खांबांवर उभी इमारत, खालून पाणी जाऊ द्यायचे, वर मुलांचे वर्ग. जपानने, सौदी अरबस्तानाने, जर्मनीने, युरोपीय संघाने पैसे दिले. पुढे बायकांसाठी वेगळ्या खोल्या आल्या, आणि बायकाच स्वयंसेविका झाल्या. आज पंचाहत्तर हजारांहून अधिक स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. बाईला बाईने हाक मारली की उंबरठा थोडा खाली होतो.

१५ नोव्हेंबर २००७ ला ‘सिद्र’ हे तसेच भयंकर वादळ आले. सुमारे ३,४०० माणसे गेली. हाही आकडा लहान नव्हे. पण सहा महिन्यांनी, मे २००८ मध्ये, त्याच उपसागराच्या पलीकडच्या काठी ब्रह्मदेशात ‘नर्गिस’ आले. दिल्लीच्या हवामान खात्याने आधीपासून सूचना पाठविलेल्या होत्या. मृत व बेपत्ता मिळून १ लाख ३८ हजार. तिथे सूचना होती. दार ठोठावणारे कोणी नव्हते.

परदेशी मदतीची दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. १९८८ च्या महापुरानंतर पॅरिसच्या शिखर परिषदेच्या आशीर्वादाने नद्यांना बांध घालण्याची एक अगडबंब योजना आखली गेली. अहवालांचे ढीग पडले. ज्यांच्या शेतांतून बांध जायचे होते त्यांनीच विरोध केला, आणि ती बरीचशी कागदावर राहिली. त्याआधी साठच्या दशकात अमेरिकन मदतीने किनाऱ्यावर डच पद्धतीचे बांध घातले होते. त्यांनी भरती अडविली खरी, पण नद्यांचा गाळही अडविला, आणि कित्येक ठिकाणी आतली जमीन बाहेरच्या पात्रापेक्षा खाली राहिली. २००९ च्या मे महिन्यात ‘आयला’ वादळात ते बांध फुटले. माणसे फार गेली नाहीत. पण खारे पाणी शेतांत शिरले ते शिरलेच. कुटुंबेच्या कुटुंबे पुढची काही वर्षे बांधावर राहिली. जीव वाचविण्याची विद्या हाती आली, जमीन वाचविण्याची यायची आहे. समुद्र चढतो आहे. बांगलादेशाने २००९ साली स्वतःच्या तिजोरीतून ह्यासाठी निधी उभा केला. ज्यांच्या धुराड्यांनी हवा तापविली त्या देशांचे ‘किती आणि कसे द्यायचे’ हे गुऱ्हाळ मात्र परिषदांमागून परिषदांत चालूच राहिले. असो.

त्या वर्षीच्या दिवाळीला मी मावशीकडे गेलो. घरावर नवी कौले चढली होती. आगर मात्र उजाड. पोफळ उभी राहायला वर्षे लागतात. तिला मी ही सारी हकीकत सांगितली. वादळाला ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने दिले होते, हे ऐकून तिला फार नवल वाटले. ह्या भागातले तेरा देश मिळून नावांची यादी करतात, आणि नव्या यादीतले ते पहिलेच नाव होते.

“अगोबाई, शब्द तर आपलाच की,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “आणि ते गुरांचे टेकाड किती उंच असते म्हणालास?”

पाडव्याच्या सकाळी मी उठलो तेव्हा मागल्या दारी ठोकाठोक चालली होती. शेजारचा तो मुलगा घराच्या मागच्या टेकाडावर, चिंचेच्या आडोशाला, खुंटे ठोकत होता. मावशी खालून सांगत होती, “चार ठोक रे. तुमच्या दोन म्हशीही आहेत ना.”