पाटीवरचा कित्ता ते कल्पनेचे व्याकरण : प्राथमिक शाळेतील सर्जनशील लेखनप्रेरकांचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक :
मुलाने स्वतःच्या मनाने काही लिहावे, म्हणून शिक्षक त्याच्यापुढे एखादा शब्द, चित्र, प्रश्न किंवा अर्धे सोडलेले वाक्य ठेवतो. अशा निमित्ताला प्रस्तुत लेखात 'लेखनप्रेरक' असे म्हटले आहे. पहिली ते चौथीच्या वर्गांत असे प्रेरक आज सर्वत्र वापरले जातात. शिक्षकांसाठीच्या हस्तपुस्तिकांत त्यांच्या याद्याही आढळतात. मात्र या साधनाला इतिहास आहे, याची जाणीव अध्यापक विद्यालयांतील चर्चेत क्वचितच दिसते. फ्रान्स व इटली या देशांत प्राथमिक शाळेच्या शिक्षकांनीच या साधनाची जाणीवपूर्वक घडण केली. म्हणून तेथील प्रयोग आणि मराठी शाळेतील निबंधाची परंपरा यांचा एकत्र विचार येथे केला आहे. मूल काय लिहील, हे केवळ विषयाच्या आकर्षकपणावर ठरत नाही. लिहिलेले कोण आणि कशासाठी वाचणार, यावर ते अधिक अवलंबून असते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

लेखन म्हणजे गिरवणे :
एकोणिसाव्या शतकातील प्राथमिक शाळेत 'लेखन' या शब्दाचा अर्थ आजच्यापेक्षा पुष्कळ संकुचित होता. इंग्लंडमध्ये 1862 च्या सुधारित संहितेने शाळांचे अनुदान वाचन, लेखन व अंकगणित यांच्या परीक्षेतील निकालाशी जोडले. तीतील लेखन म्हणजे अक्षरे काढणे, पाहून लिहिणे आणि सांगितलेला उतारा उतरवून घेणे. आपल्याकडेही कित्ता, पुस्ती आणि शुद्धलेखन यांनाच प्राथमिक लेखनात मुख्य स्थान होते. 'कित्ता गिरवणे' हा वाक्प्रचार अनुकरणाच्या अर्थाने रूढ झाला, यातच त्या अध्यापनाचे सार आले आहे. सुवाच्य अक्षराचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु या व्यवस्थेत मुलाला काही सांगायचे आहे, हे गृहीतच धरलेले नव्हते. म्हणून लेखनप्रेरकाची गरजही भासली नाही.

या पार्श्वभूमीवर 1855 मधील एक घटना विशेष महत्त्वाची ठरते. महात्मा जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या, मातंग समाजातील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा 'मांग महाराच्या दुःखाविषयी' हा निबंध त्या वर्षी 'ज्ञानोदय' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांना वेदांचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा रोखठोक प्रश्न तिने त्यात विचारला. प्रसूतीच्या वेळी डोक्यावर छप्परही नसणाऱ्या आपल्या समाजातील स्त्रियांचे हाल तिने मांडले. मुक्ता ही पहिली-दुसरीतील लहान मुलगी नव्हती, आणि तिच्या निबंधाला आजच्या अर्थाने बालसाहित्यही म्हणता येणार नाही. तरीही शाळेत शिकणाऱ्या मुलीचे स्वतःच्या जगण्यावरचे लेखन गुणांसाठी नव्हे, तर वाचकांसाठी छापले गेले, याचे हे ठळक उदाहरण आहे. एकीकडे लेखन म्हणजे गिरवणे आणि दुसरीकडे लेखन म्हणजे कोणाला तरी सांगणे, या दोन वाटा त्याच शतकात दिसतात.

फ्रेने आणि वर्गातील छापखाना :
दुसऱ्या वाटेला अध्यापनपद्धतीचे रूप देण्याचे मोठे श्रेय सेलेस्तँ फ्रेने (1896–1966) या फ्रेंच शिक्षकाकडे जाते. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला जखम झाली. दीर्घकाळ मोठ्याने बोलणे त्यांना कष्टाचे होई. 1920 मध्ये दक्षिण फ्रान्समधील बार-स्यूर-लू या गावी ते शिकवू लागले. वर्गात व्याख्यान देण्याऐवजी ते मुलांना घेऊन गावात व रानात फिरायला जात. परतल्यावर जे पाहिले त्याविषयी फळ्यावर लेखन होई. या लेखनात मुले रमत, पण पुन्हा पाठ्यपुस्तक उघडले की त्यांचा उत्साह मावळे, असा त्यांचा अनुभव होता.

1924 मध्ये त्यांनी वर्गात एक लहान हातछापखाना आणला. मुले स्वतः लिहीत, त्यांतील एक लेख सर्वांच्या पसंतीने निवडला जाई, फळ्यावर एकत्रितपणे दुरुस्त होई आणि मग मुलेच खिळे जुळवून तो छापत. ही पाने दूरच्या ब्रिटनी प्रांतातील समुद्रकाठच्या शाळेकडे जाऊ लागली, तिकडून उत्तरे येऊ लागली. डोंगराकडच्या मुलांना आपले गाव ठाऊक होते, समुद्रकाठच्या मुलांना ते ठाऊक नव्हते. त्यामुळे सांगण्यासारखे काही आपोआप निर्माण झाले. फ्रेने यांनी या लेखनाला 'मुक्त लेखन' म्हटले. त्यात विषय शिक्षकाने द्यायचा नव्हता. वाट पाहणारा वाचक हाच येथे लेखनप्रेरक होता.

या मोकळेपणाची किंमतही द्यावी लागली. सँ-पॉल येथील शाळेत एका मुलाने आपले स्वप्न लिहिले होते. शालेय साहित्य फुकट देण्यास नकार देणाऱ्या महापौराविरुद्ध वर्गाने बंड केले आणि महापौर मारला गेला, असे ते स्वप्न होते. डिसेंबर 1932 मध्ये विरोधकांनी हा मजकूर भित्तिपत्रकांवर छापून गावात लावला. वाद पेटला आणि 1933 मध्ये फ्रेने यांना ती शाळा सोडावी लागली. 1935 मध्ये त्यांनी व्हाँस येथे स्वतःची शाळा काढली. मुलाचे लेखन शाळेबाहेर खरोखर वाचले जाऊ लागले, की त्याचे परिणामही खरे होतात, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.

इटली : खिडकी आणि द्विशब्दी खेळ :
दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेने यांच्या विचारांचा प्रभाव इटलीत पोहोचला. फॅसिस्ट राजवटीतील आज्ञापालनाच्या शिक्षणातून बाहेर पडू पाहणाऱ्या शिक्षकांनी 1951 मध्ये शाळेतील छापखान्याच्या प्रसारासाठी सहकारी संघटना स्थापन केली. या चळवळीतील मारिओ लोदी (1922–2014) यांच्या वर्गातील लहान मुले धडा सोडून खिडकीशी जात. त्यांना जागेवर बसवण्याऐवजी लोदी स्वतः त्यांच्यासोबत बाहेर पाहू लागले. छपरावरच्या चिमण्यांविषयी मुले जे बोलली, त्यातून 'चिपी' या चिमणीच्या पिल्लाची गोष्ट आकारास आली. ती 1961 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

जान्नी रोदारी (1920–1980) यांनी या अनुभवांना नेमकी तंत्रे दिली. मार्च 1972 मध्ये रेज्जो एमिल्या शहरात सुमारे पन्नास शिक्षकांसमोर त्यांनी गोष्टी रचण्याच्या युक्त्या मांडल्या. त्यांतून 1973 मध्ये त्यांचे 'कल्पनेचे व्याकरण' हे पुस्तक सिद्ध झाले. त्यातील एक प्रसिद्ध युक्ती दोन शब्दांची आहे. एक मूल फळ्याच्या एका बाजूला एक शब्द लिहिते, दुसरे मूल तो न पाहता दुसऱ्या बाजूला दुसरा लिहिते. 'कुत्रा' आणि 'कपाट' असे परस्परांशी संबंध नसलेले शब्द जवळ आले, की त्यांना जोडण्यासाठी कल्पनेला काम करावेच लागते. दुसरी युक्ती 'असे झाले तर' या प्रश्नाची : रेज्जो एमिल्या शहर उडू लागले तर काय होईल? भाषेचा सर्जक वापर काही निवडक प्रतिभावंतांची मिरास नसून तो सर्वांचा हक्क आहे, ही रोदारींची भूमिका या खेळांच्या मुळाशी होती. त्यांच्या दृष्टीने हा लोकशाहीचाच प्रश्न होता.

मराठी शाळेतील 'जर-तर' :
रोदारींची दुसरी युक्ती मराठी वाचकाला मुळीच अपरिचित वाटणार नाही. 'सूर्य उगवला नाही तर', 'मी पंतप्रधान झालो तर' हे विषय आपल्या कित्येक पिढ्यांनी हाताळले आहेत. 'फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त' हा विषयही कल्पनेला आवाहन करणाराच आहे. मग एकाच स्वरूपाच्या प्रश्नातून तेथे खेळ आणि येथे पाठांतर का निर्माण व्हावे?

याचे उत्तर विषयात नसून वाचकात आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'ने (1874–1881) निबंध या प्रकाराला मराठीत मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे शालेय परीक्षेत निबंधाला गुण मिळू लागले आणि त्याचा एकमेव वाचक परीक्षक ठरला. परीक्षकाला सूर्य उगवला नाही तर काय होईल याची उत्सुकता नसते. अपेक्षित मुद्दे आले की नाही, हे त्याला तपासायचे असते. साहजिकच निबंधाची तयार पुस्तके बाजारात आली आणि कल्पनेचा विषय स्मरणशक्तीचा झाला. 'दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट लिहा, शीर्षक द्या व तात्पर्य लिहा' या प्रश्नात तर गोष्टीचा शेवट आधीच ठरलेला असतो. फळ्यावरचा कित्ता गेला, पण गिरवणे राहिले.

बालकाचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 यातील कलम 29 मध्ये मुलाला भयमुक्त ठेवणे आणि त्याला आपली मते मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे लेखनप्रेरक हा शिक्षकाच्या हौसेचा विषय न राहता मुलाच्या हक्काशी जोडला गेला आहे. घरची बोली आणि शाळेची भाषा यांत अंतर असणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. पहिल्याच वाक्यावर लाल शाईची रेघ ओढली गेली, तर असे मूल पुढचे वाक्य स्वतःचे लिहीत नाही, पाहून लिहिते.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, उत्तम लेखनप्रेरकाची दोन लक्षणे आहेत. त्याचे उत्तर विचारणाऱ्याला आधी ठाऊक नसते आणि लिहिलेले जाणून घेण्याची कोणालातरी खरी उत्सुकता असते. दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या द्विशिक्षकी शाळेत प्रत्येक वही सावकाश वाचणे कठीण आहे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु हा वाचक शिक्षकच असला पाहिजे, असे नाही. परिपाठात वाचलेली चार वाक्ये, वर्गाबाहेरचे भित्तिपत्रक, मुलांनी सजवलेले हस्तलिखित किंवा शेजारच्या गावातील शाळेला पाठवलेले पत्र यांतून तो मिळू शकतो. ही साधने आपल्या शाळांना नवी नाहीत. मात्र ती वार्षिक तपासणीच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने बाहेर काढण्याची वस्तू न राहता आठवड्याच्या वेळापत्रकाचा भाग झाली पाहिजेत. नवनवीन विषयांच्या याद्या जमवण्यापूर्वी प्रत्येक शाळेने आपल्या मुलांसाठी असा वाचक शोधणे अधिक अगत्याचे आहे.