दातांना तार लावायची, दात पांढरे करायचे? पैसे भरण्याआधी हे वाचा

लग्न जमायची वेळ आली की घरात दातांचा विषय निघतो. पंधरा दिवसांत दात सरळ आणि पांढरे होतील का, अशी चौकशी सुरू होते. पांढरे होऊ शकतात, तेही सगळ्यांचे नाहीत. सरळ मात्र पंधरा दिवसांत होत नाहीत.

दात हाडात रुतलेला असतो. तारेचा हलका दाब राहिला की एका बाजूचे हाड झिजते, दुसरीकडे नवे भरते आणि दात हळूहळू सरकतो. याला साधारण दीड ते दोन वर्षे लागतात. दर चार ते सहा आठवड्यांनी दवाखान्यात जावे लागते, म्हणजे पंधरा-वीस फेऱ्या. एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज डॉक्टर सांगतात त्या खर्चात नसतो, तो घरीच धरावा. सुगीत फेऱ्या चुकल्या आणि तार तशीच राहिली, तर अन्न अडकून चांगले दातही किडतात. फेऱ्या जमणार नसतील तर तार सुरूच करू नये, हे बरे.

तारेसाठी 11 ते 14 हे वय सोयीचे. लेकराचा जबडा पुढे असेल किंवा अंगठा चोखायची सवय सुटत नसेल तर सात-आठ वर्षांतच दाखवावे. मोठ्यांनाही तार लागते, पण हिरड्या धड पाहिजेत. धातूची तार सगळ्यात स्वस्त, दाताच्या रंगाची त्याहून महाग. अलाइनर म्हणजे काढता-घालता येणारा पारदर्शक साचा. तो दिवसातले 20 ते 22 तास तोंडात ठेवावा लागतो. तार निघाल्यावर रिटेनर वापरला नाही तर दात परत मूळ जागी सरकू लागतात. हे काम शिकलेले डॉक्टर बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलेले असतात. तसे विचारायला लाजू नये.

आता पांढरेपणाचे. मिश्री, तंबाखू, चहाचे डाग वरचे असतात. ते साध्या सफाईने बरेच निघतात, ब्लीचिंगची गरजच पडत नाही. सफाईने दात हलतात हा गैरसमज आहे. साचलेला कीटण निघाला की आधीच सैल झालेला दात जाणवतो, एवढेच. काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. तिथे लहानपणीच दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे उठतात. ते दाताच्या आत असतात, सफाईने जात नाहीत. ब्लीचिंगने कधी कधी उलट जास्त उठून दिसतात.

ब्लीचिंगचे औषध पेरॉक्साइडचे असते. त्यानंतर काही दिवस थंड-गरम झिणझिणते. बसवलेली कॅप किंवा सिमेंट त्याने पांढरे होत नाही. किडलेल्या दातावर आणि गरोदरपणात ते करू नये. लिंबू, कोळसा, विटेची भुकटी घासून मात्र दाताचे कवच झिजते. ते परत येत नाही, आणि खालचा पिवळा थर जास्त दिसू लागतो.

जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात दंत विभाग असतो, तिथे केसपेपर काढून आधी तपासणी करून घेता येते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत तारेचे उपचार खासगीपेक्षा कमी खर्चात होतात, पण फेऱ्या तेवढ्याच. आठवडी बाजारात बसून दात बसवणाऱ्याकडे जाऊ नये. दंतवैद्याची नोंदणी असावी लागते, तसा कायदा 1948 पासून आहे.

मिश्री, गुटखा चालू असलेल्यांनी रंगाआधी तोंड दाखवावे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंडात उभी तीन बोटे न जाणे, यातले काही असेल तर लग्नाची तारीख न बघता त्याच आठवड्यात जावे.