युरेनियम

धातुरूप किरणोत्सर्गी मूलद्रव्य. अणुक्रमांक ९२, अणुभार २३८.०३, घनता पाण्याच्या सुमारे १९ पट, वितळबिंदू सुमारे १,१३२° से. निसर्गात लक्षणीय प्रमाणात सापडणाऱ्या मूलद्रव्यांत सर्वांत जड. नुकताच कापलेला धातू रुपेरी दिसतो, पण हवा लागताच पिवळसर होतो आणि पुढे काळा पडतो. त्याची भुकटी किंवा कीस आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून कीस तेलाखाली ठेवतात.

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील वर्सोव्यात युरेनियमची खाण नाही आणि कारखानाही नाही. तरीही मुंबई उपनगराचा विचार करताना हे मूलद्रव्य तीन ठिकाणी भेटते : वर्सोव्यासमोरच्या समुद्राच्या पाण्यात, सह्याद्रीच्या कातळाचे वय काढण्याच्या कामात आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे, नवी मुंबईतील तुर्भे वेगळे) अणुसंशोधन केंद्रात.

शोध : मार्टिन क्लाप्रोट, बर्लिन, १७८९. आठ वर्षांपूर्वी सापडलेल्या युरेनस ग्रहावरून नाव. क्लाप्रोटला मिळाले होते ते ऑक्साइड. शुद्ध धातू १८४१ मध्ये पेलिगो यांनी वेगळा केला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे काचेला पिवळा-हिरवा रंग देणे आणि मातीच्या भांड्यांना झिलई चढवणे एवढाच त्याचा धंदा होता. १८९६ मध्ये बेकरेल यांना युरेनियमच्या क्षारांमुळे किरणोत्सर्गाचा शोध लागला, तर १९३८ मध्ये हान व श्ट्रासमान यांच्या प्रयोगांतून अणुभंजन उघडकीस आले आणि माइट्नर व फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला.

समस्थानिक व किरणोत्सर्ग : नैसर्गिक युरेनियममध्ये यू-२३८ सुमारे ९९.२७ टक्के, यू-२३५ सुमारे ०.७२ टक्के आणि यू-२३४ नाममात्र असते. पहिल्याचे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, दुसऱ्याचे सुमारे ७० कोटी वर्षे. अर्धायुष्य जितके लांब, तितका किरणोत्सर्ग मंद, हा साधा हिशेब लोकांच्या ध्यानात राहत नाही. एक ग्रॅम रेडियम हे एक ग्रॅम यू-२३८ पेक्षा सुमारे ३० लाख पट सक्रिय असते. युरेनियममधून निघणारे अल्फा कण कागदाने अडतात. बाहेरून त्याची भीती थोडी. श्वासावाटे किंवा पोटात गेल्यास मात्र गोष्ट वेगळी. या मूलद्रव्याची कीर्ती किरणोत्सर्गामुळे असली, तरी ज्यांनी ते प्रत्यक्ष हाताळले त्यांना छळले ते त्याच्या रसायनाने. पुढील भागाचा विस्तार त्या दृष्टीने केला आहे.

तुर्भ्याचे धातुकाम : भारतातील पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्यात सुरू झाली. तिचे समृद्ध (यू-२३५ चे प्रमाण वाढवलेल्या) युरेनियमचे इंधन ब्रिटनमधून आले होते. पुढची भट्टी ‘सायरस’. कॅनडाची भट्टी, अमेरिकेचे जड पाणी, नावही त्यावरूनच. तिला नैसर्गिक युरेनियमच्या धातूच्या कांड्या लागत. पहिल्या भरणीतील निम्मे इंधन आपण स्वतः पुरवायचे असे ठरल्याने युरेनियम धातूचा कारखाना तुर्भ्यात उभा राहिला. अणुभट्टीत चालेल इतक्या शुद्ध धातूची पहिली लगड ३० जानेवारी १९५९ रोजी निघाली.

त्या वेळी झारखंडमधील (तेव्हाच्या बिहारमधील) जादुगुडाची खाण चालू झालेली नव्हती. कच्चा माल केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतून येई. मोनाझाइट मुख्यतः थोरियमसाठी. त्यात युरेनियम हजारात तीन भागांच्या आसपास. १९५५ पासून तुर्भ्यात थोरियमचा कारखाना होता आणि त्याचे उपउत्पादन म्हणून हे कच्चे युरेनियम हाती येई.

शुद्धतेची अट विलक्षण होती. बोरॉन व कॅडमियम न्यूट्रॉन गिळतात. ते दशलक्षात एक भागाइतकेही चालत नाहीत. इतर कोणत्याही धातूच्या बाजारात असा माल ‘शुद्ध’ म्हणून डोळे मिटून खपला असता. कच्चे युरेनियम नायट्रिक आम्लात विरघळवून युरेनिल नायट्रेट करतात. मग केरोसिनसारख्या तेलात मिसळलेल्या ट्रायब्युटाइल फॉस्फेटशी ते घुसळतात. युरेनियम तेलाच्या थरात चढते, अशुद्धी आम्लाच्या थरात राहतात. पुन्हा पाण्यात उतरवून अमोनियाने साका पाडला की अमोनियम डाययुरेनेट मिळते, हळदीसारखे पिवळे. ते भाजून ऑक्साइड, हायड्रोजनमध्ये तापवून तपकिरी डायऑक्साइड, हायड्रोजन फ्लोराइडच्या वायूत ठेवून हिरवे टेट्राफ्लोराइड. पिवळा, तपकिरी, हिरवा : रंग पाहून टप्पा ओळखता येतो.

खरा कस शेवटी लागतो. हिरवा क्षार आणि क्षपणासाठी कॅल्शियम (पुढे मॅग्नेशियम) पोलादी पात्रात बंद करून तापवतात. एका क्षणी विक्रिया स्वतःच पेटते, सगळा ऐवज वितळतो, जड धातू तळाशी बसतो आणि मळी वर तरंगते. पात्राला आतून अस्तर नीट नसेल तर धातू पोलादालाच भिडतो. निवल्यावर मळी फोडून लगड बाहेर काढतात, निर्वातात पुन्हा वितळवून ओततात, लाटतात आणि ॲल्युमिनियमच्या वेष्टनात घालतात.

लाटण्यातही एक मेख आहे. युरेनियमची स्फटिकरचना तापमानाप्रमाणे तीन रूपे घेते : सुमारे ६६८° से.पर्यंत अल्फा, ७७५°पर्यंत बीटा, त्यावर गॅमा. अल्फा रूपातील स्फटिक न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली एका दिशेने लांबतो व दुसरीकडे आखडतो. लाटताना स्फटिक एका ओळीत लागले असतील तर संपूर्ण कांडी भट्टीत वाढत जाते. म्हणून ती बीटा तापमानापर्यंत नेऊन झटकन थंड करतात, म्हणजे स्फटिकांची दिशा विस्कटते. ‘सायरस’ १० जुलै १९६० रोजी सुरू झाली आणि २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. १९८५ ची ‘ध्रुव’ ही १०० मेगावॉटची भट्टीही नैसर्गिक युरेनियम धातूवर चालते. या कामाच्या संदर्भात होमी भाभा यांचे नाव सर्वत्र येते. धातुविज्ञान विभाग उभा करणारे ब्रह्म प्रकाश यांचे क्वचित.

‘सायरस’चे वापरलेले इंधन, त्यातून काढलेले प्लुटोनियम आणि १९७४ ची पोखरण चाचणी यांवरून भारत व कॅनडा यांच्यात झालेल्या वादाचा परामर्श येथे घेतलेला नाही.

वीजनिर्मिती : एका भंजनातून सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा. वर्सोव्याच्या उत्तरेला पालघर जिल्ह्यात तारापूर येथील पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासून. त्यांना समृद्ध युरेनियम लागते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेकडून होणारा पुरवठा अडला, १९८२ नंतर फ्रान्सने इंधन दिले. तिसरी व चौथी भट्टी प्रत्येकी ५४० मेगावॉटची, नैसर्गिक युरेनियम व जड पाण्यावर चालणारी. जैतापूरचा प्रकल्प प्रस्तावित.

इतर उपयोग : यू-२३५ काढून घेतल्यावर उरलेले क्षीण युरेनियम शिशापेक्षा बरेच घन असल्याने गॅमा किरण अडवायला उत्तम, वेल्डिंगचे सांधे तपासणाऱ्या रेडिओग्राफी कॅमेऱ्यांत त्याचे कवच असते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी स्पष्ट दिसाव्यात म्हणून युरेनिल ॲसिटेट.

खडक : दक्खनच्या बेसाल्टात युरेनियम अत्यल्प, ग्रॅनाइटच्या मानाने बरेच कमी. वर्सोव्याच्या पुळणीवर दिसणारे काळे पट्टे मॅग्नेटाइटसारख्या लोहखनिजांचे आहेत. केरळच्या वाळूशी त्यांची तुलना करू नये. वर्सोव्याहून तरीने पलीकडे मढला गेले की खडकांचा स्वभाव पालटतो. तेथील आम्लधर्मी ज्वालामुखी खडकांसारख्या खडकांत युरेनियम सामान्यतः बेसाल्टापेक्षा जास्त असते, पण काढण्याजोगे नव्हे.

कालमापनातील उपयोग याहून महत्त्वाचा. झिरकॉनचा स्फटिक तयार होताना युरेनियमला आत घेतो आणि शिशाला बाहेर ठेवतो. म्हणून पुढे त्यात सापडणारे शिसे युरेनियमच्या क्षयातूनच आलेले असते. बेसाल्टात झिरकॉन सहसा मिळत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये सह्याद्रीतील लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या राखेच्या पट्ट्यांतून ते मिळवले आणि उद्रेकांचा मुख्य काळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, साडेसात लाख वर्षांच्या आसपासचा ठरवला. हे उद्रेक ठळक झटक्यांत झाले की बऱ्यापैकी सलग, याविषयी आर्गॉन पद्धतीने (खडकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून वय काढून) काम करणाऱ्यांचे मत वेगळे आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवरही ६.६ कोटी वर्षे हाच आकडा चिकटवला जातो. २००१ मध्ये आर्गॉन पद्धतीने त्या टेकडीचे वय सुमारे ६.०५ कोटी वर्षे आले. ती सह्याद्रीची धाकटी बहीण मानणे बरे.

समुद्र : खुल्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम युरेनियम, कार्बोनेटशी बांधलेल्या रूपात विरघळलेले. ते क्षारतेच्या प्रमाणात राहते. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडावले की तेही घटते. समुद्रातील एकूण साठा सुमारे ४५० कोटी टन मानतात. एक किलो मिळवायचे तर सुमारे तीन लाख घनमीटर पाण्यातले सगळे युरेनियम गाळून घ्यावे लागेल. म्हणजे १२० ऑलिंपिक तरणतलाव. भाभा अणुसंशोधन केंद्राने ॲमिडॉक्झिम गट जोडलेले तंतू समुद्रात सोडून युरेनियम पकडण्याचे प्रयोग केले आहेत. तंतू व्हॅनेडियम व लोखंडही पकडतो आणि त्यावर शेवाळ बसते. पाण्यात ठेवलेल्या वस्तूला काय काय चिकटते हे वर्सोव्याच्या कोळ्याला सांगायला नको.

समुद्राच्या किरणोत्सर्गात युरेनियमचा वाटा किरकोळ आहे. त्याच पाण्यातील पोटॅशियम-४० चा शंभर पटींहून अधिक. युरेनियमच्या क्षयमालिकेतील पोलोनियम-२१० (अर्धायुष्य १३८ दिवस) मात्र सागरी जीवांत साठते, विशेषतः शिंपल्यांच्या पचनग्रंथीत. तिसऱ्या-कालवांसारखे जे अख्खे खाल्ले जाते, त्यातून ते साफ केलेल्या पापलेटपेक्षा अधिक पोटात जाते. हे जगभर आढळते आणि माणूस समुद्राचे खाऊ लागला तेव्हापासूनचे आहे.

विषारीपणा : मुख्यतः मूत्रपिंडावर. पिण्याच्या पाण्यातील मर्यादा लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम.

कायदा : युरेनियम परवान्याशिवाय बाळगणे गुन्हा. मे २०२१ मध्ये महाराष्ट्र दहशतवादविरोधी पथकाने मुंबईत सुमारे सात किलो नैसर्गिक युरेनियम जप्त केले आणि १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली गुन्हा नोंदवला. वृत्तपत्रांत किंमत २१ कोटी रुपये छापून आली. त्या सुमारास जागतिक बाजारात युरेनियम ऑक्साइडचा भाव पौंडाला ३० डॉलरच्या आसपास होता. त्या हिशेबाने माल पन्नास हजार रुपयांच्या आत बसतो. नमुन्याची तपासणी तुर्भ्यातच झाली.