शपथ आणि सोबत

दारू सोडण्याची शपथ आपल्या धर्मग्रामांना नवी नाही. ती उपवासकाळात घेतली जाते, क्रुसासमोर घेतली जाते, कधी आजारी आईच्या उशाशी घेतली जाते. ती मोडली की आपण त्या माणसाच्या श्रद्धेलाच बोल लावतो. इतिहास चाळताना मात्र आम्हांला निराळेच काही दिसते.

आयर्लंडमधील कॉर्क शहरी १० एप्रिल १८३८ रोजी कॅपुचिन धर्मगुरू फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी संपूर्ण मद्यत्यागाच्या प्रतिज्ञेवर सही केली. पुढील काही वर्षांत लाखो लोकांनी त्यांच्यासमोर तीच प्रतिज्ञा घेतली आणि देशातील दारूचा खप झपाट्याने उतरला. परंतु चळवळीचा सारा भार एकाच माणसाच्या खांद्यावर होता. १८४५ पासून बटाट्याचे पीक बुडाले, महादुष्काळाने देश उद्ध्वस्त झाला. फादर मॅथ्यू १८५६ मध्ये निवर्तले तेव्हा चळवळीचा पूर्वीचा जोर उरला नव्हता. जमाव पांगला होता आणि शपथ घेतलेला माणूस आपल्या दाराशी एकटा उभा होता.

त्याच १८५६ साली डब्लिनमध्ये मॅट टॅल्बट जन्मला. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याला दारूची चटक लागली. १८८४ मध्ये एके दिवशी खिशात दमडी नसताना तो गुत्त्याबाहेर उभा राहिला. ज्यांना त्याने अनेकदा पाजली होती, तेच सोबती त्याला ओलांडून आत गेले. तो घरी परतला आणि आपण दारू सोडत असल्याचे त्याने आईला सांगितले. पहिली शपथ अवघ्या तीन महिन्यांची होती! ती आयुष्यभर टिकली. कारण पहाटेची मिस्सा, पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू आणि १८९० पासून फ्रान्सिस्कन तृतीय संघ यांनी त्याला पुन्हा एकटे पडू दिले नाही. लाकडाच्या वखारीतील हा मजूर ७ जून १९२५ रोजी मिस्सेला जाताना रस्त्यातच कोसळून मरण पावला. पोप पॉल सहावे यांच्या काळात, १९७५ मध्ये, ख्रिस्तसभेने त्याला 'पूजनीय' म्हणून घोषित केले.

सोबतीच्या या बळाला रीतसर रूप मिळाले ते अमेरिकेत. १९३५ साली अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोन मद्यपी एकमेकांना भेटले आणि 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'चा आरंभ झाला. दोघेही कॅथलिक नव्हते. परंतु त्या काळी इस्पितळे मद्यप्यांना सहसा दारात उभे करीत नसत. तेथील सेंट थॉमस इस्पितळाचे दार उघडले ते सिस्टर इग्नेशिया यांनी. मूळच्या आयर्लंडच्या या कृश धर्मभगिनी रुग्णांची नोंदणी पाहत. ऑगस्ट १९३९ मध्ये त्यांनी डॉ. बॉब यांच्या एका रुग्णाला पोटाच्या विकाराची नोंद करून दाखल करून घेतले. घरी निघणाऱ्या रुग्णाच्या हाती त्या येशूच्या पवित्र हृदयाचा बिल्ला ठेवीत. पुन्हा पेला उचलण्याआधी हा बिल्ला मला परत आणून द्यायचा, एवढीच त्यांची अट असे. किती मार्मिक अट ही! शपथ मोडणाऱ्याला आधी एका माणसाचा चेहरा पाहावा लागणार होता.

हा धागा आपल्यापर्यंतही पोचला आहे. १९८१ मध्ये मुंबईचे फादर ज्यो परेरा यांनी वांद्रे येथील माउंट कार्मेल चर्चच्या आश्रयाने 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. बारा पायऱ्यांच्या मार्गाला त्यांनी योगासनांची जोड दिली. २००९ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

वाचकहो, व्यसन हा आजार आहे. त्याला वैद्यकीय उपचार हवेतच. प्रार्थना ही उपचार टाळण्याची सबब होऊ नये. पण उपचार संपवून माणूस घरी परततो, तेव्हा त्याचे पुढचे दिवस आपल्याच वाडीत, आपल्याच चर्चमध्ये जाणार असतात. लग्नाच्या मांडवात त्याच्या हाती आग्रहाने पेला देणारे आपणच असतो आणि तो घसरला की कुजबुजणारेही आपणच. शपथ त्याने घ्यायची आहे. ती एकट्याने पाळण्याची पाळी त्याच्यावर येऊ न देणे हे आपले काम आहे.