जुन्या संगणकीय खेळांची बोलीतील नावे : मुकुंदवाडीच्या संदर्भात एक टिपण

संगणकीय खेळांचा इतिहास आजवर ज्यांनी लिहिला, त्यांनी तो यंत्रांच्या पिढ्यांच्या किंवा खेळांच्या प्रकारांच्या क्रमाने लिहिला आहे. उड्यांचे खेळ, नेमबाजीचे, मारामारीचे, शर्यतीचे आणि कोड्यांचे खेळ अशी ती विभागणी असते. निर्माता, वर्ष व मूळ नाव हे तिचे आधार होत. आपल्या वस्त्यांच्या इतिहासाला हे आधार पुरे पडत नाहीत. येथे हे खेळ बहुधा निर्मात्याच्या नावावाचून आणि माहितीपुस्तिकेवाचून आले, आणि पडद्यावरील इंग्रजी वाचण्याची निकड न भासणाऱ्या मुलांच्या हाती पडले. त्या मुलांनी योजिलेली नावे हेच या इतिहासाचे पहिले साधन मानावयास हवे.

खेळातील शब्द किती चिवट असतात याचे उदाहरण विटीदांडूत आहे. वकट, लेंड, मूंड, नाल ही त्यातील गणती तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या संख्यांशी उघड नाते सांगते. ती म्हणणाऱ्या मुलाला तेलुगूचा गंधही नसतो. (मराठवाड्यापुरते याचे श्रेय निजामी राजवटीस देण्याचा मोह होतो, तो आवरलेला बरा; हीच गणती त्या राज्याच्या सीमेबाहेरील महाराष्ट्रातही रूढ होती.) मूळ भाषा विसरली गेली तरी डाव चालू असेपर्यंत शब्द टिकतो. डाव मोडला की मात्र तो झपाट्याने जातो.

मुकुंदवाडी या दृष्टीने लक्षणीय आहे. जालना रस्त्यालगतची ही वस्ती, एका बाजूस सिडकोची वसाहत व दुसऱ्या बाजूस चिकलठाण्याचे औद्योगिक क्षेत्र यांच्या सान्निध्यात वाढली. आसपासच्या जिल्ह्यांतून आलेल्यांची मराठी, शहराची जुनी दखनी आणि कारखान्यांतील हिंदी या तिन्हींचा संपर्क येथील मुलांना रोजचाच होता.

प्रथम घरगुती यंत्राचा विचार करू. निन्तेंदो या जपानी कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ या यंत्राच्या नकला १९९० नंतरच्या दशकात भारतभर स्वस्तात विकल्या जात. त्यांत बसवावयाच्या खेळाच्या ठोकळ्याला सर्वत्र ‘कॅसेट’ म्हणत. जपानी भाषेतही त्याच ठोकळ्यास ‘कासेत्तो’ म्हणतात; तथापि आपला शब्द तेथून आला असे मानण्याचे कारण दिसत नाही. गाण्याची कॅसेट घरोघर होती, तिच्याच नावाने ही नवी वस्तू ओळखली गेली. खेळ सुरू झाला नाही की कॅसेट काढून तिच्या तोंडात फुंकर मारीत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) हा नुसता ‘मारिओ’ झाला. ‘कॉन्ट्रा’ (१९८७) हे नाव निकाराग्वातील बंडखोरांचेही आहे, याची वार्ता खेळणाऱ्यांना नव्हती आणि तिचे त्यांना काही अडलेही नाही.

याहून उद्बोधक उदाहरण नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांचे. कॅपकॉम कंपनीचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा १९९३ चा मारामारीचा खेळ. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या चित्रकथेवर तो आधारलेला आहे. भारतात तो ‘मुस्तफा’ या नावाने ओळखला जातो. खेळात निवडण्याजोगी पात्रे चार : जॅक टेनरेक, हॅना डंडी, मुस्तफा कायरो आणि मेस ओब्रॅडोविच. कथेचा नायक जॅक. मुस्तफा हा त्याचा साथीदार. असे असता साथीदाराचे नाव संपूर्ण खेळास का पडावे? खेळणारे सांगतात की मुस्तफा सर्वांत चपळ होता. ते खरे आहे. परंतु चपळाई हे एकटे कारण मला पुरेसे वाटत नाही. चपळ पात्रे इतर खेळांतही होती, आणि त्या खेळांना त्यांची नावे पडली नाहीत. चौघांपैकी एकच नाव असे होते की ज्या नावाचा माणूस गल्लीत, वर्गात, दुकानाच्या गल्ल्यावर भेटू शकत होता. आमच्या शहरात तर ते नाव उच्चारण्यास कोणास शिकावे लागले नाही. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत ही लक्षणा होय. तिच्या मुळाशी ओळखीच्या नावाचे आकर्षण आहे.

नावांइतकेच क्रियापदांकडेही पाहावे. पडद्यावरील बाहुले पडले की मुलगा ‘मी मेलो’ म्हणतो. हा प्रथमपुरुषी प्रयोग नव्या यंत्राने शिकविलेला नाही. हुतूतूत बाद झालेला गडी ‘मेला’ असेच म्हणत, आणि पुढे तो ‘जिवंत’ही होई. मरून पुन्हा उठणे ही कल्पना मैदानावरून पडद्यावर आली. नवे आले ते ‘लाइफ’ हे मोजता येणारे नाम. ‘एक लाइफ गेली’ या वाक्यात त्यास स्त्रीलिंग मिळाले, वस्तुतः ‘जीव’ पुल्लिंगी आहे आणि ‘आयुष्य’ नपुंसकलिंगी.

संगणकवर्गांतील खेळांविषयी थोडक्यात सांगता येईल. जॉन रोमेरोचा ‘डेंजरस डेव्ह’ (१९८८) ‘डेव्ह’ झाला, जॉर्डन मेकनरचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) ‘प्रिन्स’ झाला, आणि १९९० पासून विंडोजबरोबर येणाऱ्या सॉलिटेअरला ‘पत्ते’ हे घरचे नाव लाभले. ‘काउंटर-स्ट्राइक’ (२०००) व ‘व्हाइस सिटी’ (२००२) यांच्या वेळी मात्र असे नामकरण फारसे घडले नाही. नावे छापील रूपातच राहिली वा आद्याक्षरांवर आली. एव्हाना मुले पडदा वाचू लागली होती. आपल्या विषयाची उत्तरसीमा मी येथे मानतो.

१९९७ मध्ये आरंभिलेल्या ‘मेम’ या प्रकल्पामुळे नाण्यावरील यंत्रांचे असंख्य खेळ आज जपले गेले आहेत. पण ते मूळ नावांखाली. ‘मुस्तफा’सारखे देशभर पसरलेले नाव कोणीतरी नोंदविलेच, एखाद्या गल्लीपुरत्या नावाची नोंद व्हावी कोठे? ती नावे आज पस्तीस ते पन्नास वयाच्या माणसांच्या स्मरणात आहेत, आणि ती माणसे कामानिमित्त पुणे-मुंबईकडे पांगत आहेत. आमच्या विद्यार्थ्यांनी हा संग्रह हाती घेतल्यास एक पथ्य पाळावे : खेळाचे नाव आधी उच्चारू नये. पडद्याचे चित्र पुढे ठेवावे आणि ‘याला काय म्हणत होता?’ एवढेच विचारावे. उत्तर मराठीत आले की दखनीत, तेही जसेच्या तसे टिपावे.